घमेलेभर वाळू

कोल्हापूरकडच्या माणसापाशी मटणाचा विषय काढा, तो आधी रश्श्याबद्दल बोलू लागेल. तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से वाट्यांतून येतात, वाट्या रिकाम्या होतात, पुन्हा भरतात. सुके मटण ताटाच्या एका बाजूला आब राखून बसलेले असते. तिखट घालण्यापूर्वी हळद-मिठात शिजलेल्या मटणाचे जे पाणी, ते अळणी म्हणून आजाऱ्याला, लहान मुलांना आणि आवडत्या पाहुण्याला आधी दिले जाते. थोडक्यात, मांस आणि पाणी यांची फारकत आमच्या मुलखात कोणी कल्पनेतही केलेली नाही. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, अमेरिकेत कॅन्सस सिटीजवळ राहणाऱ्या धाकट्या भावाकडे मी गेले आणि 'मांस पाण्यावर करायचे की वाळूवर' या प्रश्नावरून त्या घरात दोन तट पडलेले पाहिले, तेव्हा हे बोलणे स्वयंपाकाचे आहे की बांधकामाचे, हेच क्षणभर उमजेना. वाळू म्हटली की आपल्याला काय आठवते? नदीपात्राचे लिलाव, ब्रासचा भाव, रात्री-अपरात्री धावणारे डंपर आणि त्यांच्यामागे धावणारे तहसीलदार. तिचा आणि बोकडाचा काही संबंध असल्याचे तोपर्यंत माझ्या ऐकिवात नव्हते.

निमित्त होते भाच्याचे. त्याचे शाळेचे शिक्षण पुरे झाले होते. तिकडे या प्रसंगाला आपल्या बारशा-मुंजीचे महत्त्व असते. पस्तीस माणसे शनिवारी दुपारी एकच्या ठोक्याला जेवायला यायची होती, आणि ऑगस्टात मुलगा दूरच्या राज्यात शिकायला जायचा असल्यामुळे हे जेवण बापाने स्वतःच्या हाताने करायचे, असे माझ्या भावाच्या मनाने घेतले होते. परसातल्या धुराच्या शेगडीवर मेंढराचे चार खांदे रातभर भाजायचा त्याचा बेत. त्यावर भावजयीने एकच वाक्य सुनावले होते : "त्या शेगडीत पुन्हा पाणी भरणार असाल, तर मी पाहुण्यांना पिझ्झा मागवीन."

हे 'पुन्हा' कशासाठी, ते सांगण्यापूर्वी शेगडीचे वर्णन करायला हवे. तिकडे तिला स्मोकर म्हणतात. कमरेच्या वर येईल असे काळ्या पत्र्याचे नळकांडे, त्यावर घुमटासारखे झाकण. अगदी खाली कोळशाची जाळी. तिच्यावर वीतभर अंतर सोडून एक मोठे वाटोळे भांडे बसवलेले असते. आपल्या गवंड्याच्या घमेल्यात आणि त्यात मला तरी फरक दिसला नाही, तेव्हा मी त्याला घमेलेच म्हणते. घमेल्याच्या वर एकीवर एक अशा दोन जाळ्या, त्यांवर मांस. हवा आत जायला तळाशी तीन झरोके, धूर बाहेर जायला झाकणात एक. कोळशात हिकरीच्या किंवा सफरचंदाच्या लाकडाचे मुठीएवढे तुकडे खुपसतात. धूर येतो तो त्यांचा. झाकणावर एक काटा असतो, आणि सारे कसब त्या काट्याला २२५ ते २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने १०७ ते १२१ अंशांच्या दरम्यान, दहा-बारा तास धरून ठेवण्यात आहे. ज्वाळेवर मांस भाजणे वेगळे आणि हे वेगळे. तिथे जाळ दिसतो. इथे जाळ दिसला की बिघडलेच म्हणायचे.

एवढा वेळ कशासाठी? तर मांस निबर असते म्हणून. जनावराचा खांदा किंवा छाती म्हणजे आयुष्यभर राबलेले स्नायू. त्यांत चिवट तंतूंचे जाळे असते. हे तंतू ओलसर मंद उष्णतेत तासन्‌तास राहिले म्हणजे विरघळून चिकट, मऊ होतात. पायांचा रस्सा गार झाल्यावर ज्या पदार्थामुळे वडीसारखा थिजतो, तोच हा पदार्थ. चांगले मांस मालकाच्या ताटात आणि चिवट मांस राबणाऱ्याच्या वाट्याला, ही रीत जगभर एकच. अमेरिकेच्या दक्षिणेत मोठमोठ्या मेजवान्यांसाठी चरांवर रात्र-रात्र जागून मांस भाजणारे हात बहुतेक गुलामांचेच होते. खुद्द कॅन्सस सिटीत या धंद्याचा पाया हेन्री पेरी या कृष्णवर्णीय गृहस्थाने १९०८ च्या सुमारास घातला. तो धुरावर भाजलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकी. आज त्या गावात या पदार्थाचा जो अभिमान आहे, तो पाहिला की मला आमच्याकडच्या मिसळीच्या वादांची आठवण होते. फक्त तिथे तोंडाला मसाल्याचा ठसका नसून धुराचा असतो.

मराठी शिकवणाऱ्या बाईने शब्दाची चौकशी केल्यावाचून कसे राहावे? 'बार्बेक्यू' हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हे. कॅरिबियन बेटांवरच्या टायनो लोकांकडून तो स्पॅनिशांनी उचलला. १५२६ साली छापलेल्या ओव्हिएदो या स्पॅनिश लेखकाच्या पुस्तकात तो 'बार्बाकोआ' या रूपात येतो. काठ्यांचा माचा, असा त्याचा अर्थ. त्याच भागात मांस धुरावर धरायच्या माच्याला 'बुकाँ' असाही शब्द होता, आणि त्यावर मांस भाजून खाणारे जे रानटी फ्रेंच शिकारी, ते पुढे समुद्रावर लुटालूट करू लागले म्हणून चाच्यांना 'बुकॅनियर' म्हणू लागले. धुरी देणाऱ्या आचाऱ्याचा दर्यावर्दी दरोडेखोर झाला! शब्दांचे नशीब माणसांच्या नशिबाहून विचित्र असते.

आता घमेल्याकडे येऊ. त्या घमेल्यात पाणी भरायचे, ही मूळ योजना, आणि ती शहाणपणाची आहे. पाण्याचा एक गुण आपल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतो, मग तिने पदार्थविज्ञान शिकलेले असो वा नसो : डाळीखाली कितीही जाळ केला तरी पाणी उकळते तेवढेच तापते, जास्तीचा जाळ वाफ होऊन निघून जातो. म्हणजे घमेल्यात पाणी आहे तोवर घमेले १०० अंशांपलीकडे जातच नाही. खालचा कोळसा थोडा चेकाळला तरी तो उन्माद पाणी गिळून टाकते. वर मांसाला थेट आच लागत नाही, शेगडीतली हवा दमट राहते, ठिबकणारी चरबी पाण्यात पडते आणि जळत नाही. नवशिक्याला याहून चांगला राखणदार मिळायचा नाही.

पण हा राखणदार फार पितो. पाणी आटते, आणि रात्री तीन वाजता आटते.

२०२३ च्या सप्टेंबरात नेमके हेच झाले होते. भाऊ खुर्चीत पेंगला होता. जागा होऊन पाहतो तो घमेले कोरडे, तळाशी बोटभर चरबी, आणि काटा वर चढलेला. तो घाईने आत गेला, तांब्याभर पाणी आणले आणि ओतले. कडकडीत तापलेल्या फोडणीत ओल्या हाताचे चार थेंब पडले तर काय होते, ते आपण रोज पाहतो. इथे चार थेंब नव्हते, तांब्याभर होते. पाणी चरबीपेक्षा जड, ते खाली जाते, खाली जाताच त्याची वाफ होते, आणि ती वाफ वरच्या चरबीला घेऊन उसळते. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. दवाखाना, मलमपट्टी, दोन आठवडे पट्टीतला हात. त्याच्या हातावर गुलाबी कातडीचा नकाशा मी पाहिला तेव्हा आठ महिने लोटले होते. त्या दिवसापासून शेगडी बागेच्या खोपटात कुलपात होती, आणि किल्ली भावजयीच्या ताब्यात.

तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

वाळूचा सल्ला शेजारच्या आजोबांचा. वय अठ्ठ्याहत्तर, उभी हयात रेल्वेच्या कारखान्यात गेलेली, बोलणे मोजके. कुंपणापाशी उभे राहून त्यांनी भावाला सांगितले की, आपण वीस वर्षांत घमेल्यात पाण्याचा थेंब घातलेला नाही. कोरडी वाळू भरावी, वर जस्ताच्या रंगाचा तो अॅल्युमिनियमचा पातळ कागद दुहेरी अंथरावा, आणि झोपायला जावे. वाळू आटत नाही, उसळत नाही, रात्री तिची चौकशी करावी लागत नाही. भाऊ संगणकाच्या कामातला माणूस. त्याला हे अडाण्याचे वाटले. "ताई, पाण्याचे काम वाळू कसे करील? काहीतरीच!" असे तो मला म्हणाला.

मला मात्र ते काहीतरीच वाटले नाही. वाळूवर स्वयंपाक करणारी माणसे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण त्यांना भडभुंजे म्हणतो. कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला ज्या भडंगावर आपण जीव टाकतो, त्याचे चुरमुरे भट्टीतल्या तापल्या वाळूतच फुलतात. लोखंडी कढईत काळी पडलेली वाळू धगधगत असते, त्यात मीठ लावून वाळवलेले तांदूळ पसाभर टाकतात, झारा दोन-चारदा फिरतो, तड्‌तड् आवाज होतो, आणि चाळणीतून वाळू खाली व चुरमुरे वर. सारा खेळ काही क्षणांचा. फुटाण्यांचेही तेच. प्रत्येक दाण्याला सगळ्या बाजूंनी एकदम, सारखी आच देणारे दुसरे स्वस्त साधन नाही. तेल दाण्यात मुरेल, पाणी त्याला भिजवील, वाळू मात्र आपले काम करून चाळणीतून निमूट गळून जाते. हा शब्दही मोठा जुना. भाजण्याचा संस्कृत धातू 'भ्रज्ज्', आणि भाजायच्या भांड्याला 'भ्राष्ट्र'. त्या भ्राष्ट्राचे हिंदीत 'भाड' झाले. 'भाड में जाओ' म्हणणारा तुम्हाला भाड्याच्या घरात पाठवत नाही, भडभुंज्याच्या तापल्या वाळूत पाठवतो! आपण दिवाळीला चकलीची भाजणी करतो, तीही याच धातूची लेक.

हे सगळे मी भावाला मोठ्या उत्साहाने सांगितले. भाच्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण आत्या, तुमच्या भट्टीत वाळू घाई करते. बाबांना तर उशीर करायचा आहे." पोर खरे बोलत होते. भडभुंज्याची वाळू दाण्याला शिवते. शेगडीतली वाळू मांसाला शिवायचीच नाही, ती मध्ये पडदा धरून बसायची. एकच वाळू, पण दोन ठिकाणी दोन उलट कामे.

मग त्याने कागद घेतला आणि जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. घमेल्यात पाच लिटर पाणी मावते. ते २५ अंशांवरून उकळीला आणायला ३७५ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि उकळीला आल्यावर त्याची सगळी वाफ करायला आणखी २७००. म्हणजे आटेपर्यंत ते घमेले तीन हजारांवर किलोकॅलरी गिळते. तितक्याच मापाची कोरडी वाळू भरते सुमारे आठ किलो. पण वाळूची भूक पाण्याच्या एक-पंचमांश, आणि तिला उकळणे ठाऊकच नाही. ११० अंशांपर्यंत तापायला तिला लागतात फक्त सव्वाशे-दीडशे किलोकॅलरी. कोळशात म्हणाल तर पाण्याच्या पायी जवळजवळ अर्धा किलो चांगला कोळसा नुसता वाफेत जातो. शिवाय झरोक्यातून वाया जाणारी धग वेगळी. वाळूने हा कोळसा वाचतो. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, पाणी जाळाला आवरते आणि वाळू आवरत नाही. ती धग साठवते, सावकाश घेते, सावकाश देते. एवढेच.

आमच्या कॉलेजातल्या रसायनाच्या सहकाऱ्यांना मी परत आल्यावर हे सांगितले, तर ते हसून म्हणाले की यात नवल ते काय? प्रयोगशाळेत १०० अंशांच्या आत काम असेल तर पाण्याचे पात्र घेतात आणि त्यापलीकडे जायचे असेल तर वाळूचे. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही येते. येत असेल. पण पहिल्या वर्षाच्या पोराला पस्तीस पाहुणे जेवायला घालायचे नसतात.

समारंभाच्या आधीच्या रविवारी दोन कोंबड्यांवर चाचणी झाली. वाळू बाजारातून आणली : मुलांच्या खेळाच्या हौदासाठी तिकडे धुतलेली, चाळलेली, सुकवलेली वाळू पोत्यांत मिळते, पन्नास पौंडांचे पोते पाच-सहा डॉलरांना. (हे ऐकून आमच्या गल्लीतले ठेकेदार काय म्हणतील, असे मनात आले.) समुद्राची वाळू आजोबांनी स्पष्ट नको म्हटली, तीत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. आणि वाळू हाताला खडखडीत कोरडी लागली पाहिजे. ओली वाळू आत वाफ कोंडते आणि कागद फाडते. घमेले पोलादाचेच हवे. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे अशा धगीने तडकते. वाळूच्या वर एक कागद घट्ट, आणि त्याच्यावर बोटभर पोकळी सोडून दुसरा, खोलगट. चरबी या दुसऱ्यात साचते. तो वाळूला टेकला तर चरबी करपते आणि कडू धूर मांसाला लागतो. काम झाले की वरचा कागद गुंडाळून फेकायचा. खालची वाळू वर्षानुवर्षे तशीच. चरबी वाळूत मुरू दिली तर मात्र ती खवट होते, कधी पेटही घेते, मग ती टाकूनच द्यावी लागते.

भावाने कोळसे मात्र पाण्याच्या सवयीने पेटवले : भरपूर, आणि झरोके अर्धे उघडे. काटा २२५ वर थांबला नाही, २५० वर थांबला नाही, पाऊण तासात ३४० वर गेला. त्याने धावत जाऊन झरोके बंद केले. पण वाळू तोवर तापून बसलेली. काटा खाली यायला तासाहून अधिक लागला. आजोबा कुंपणापलीकडून पाहत होते. पाणी म्हणजे लगाम आणि वाळू म्हणजे नुसती भरलेली मालगाडी, असे काहीसे ते म्हणाले : हलायला वेळ लावते, आणि एकदा सुटली की थांबायलाही. तेव्हा ब्रेक फलाटापाशी लावून चालत नाही, मैलभर आधीच लावावा लागतो. रेल्वेतल्या माणसाची उपमा! कोंबड्या मात्र, सांगायला हरकत नाही, फर्मास झाल्या. कोंबडीच्या कातडीला चढी आच मानवते. पाण्याच्या दमट धगीत ती रबरासारखी राहते. मांसात खुपसायचा काटा १६५ च्या पुढे गेलेला पाहूनच भावजयीने त्या पानात वाढल्या. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी खोपटाची किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीला लटकलेली दिसली.

त्या आठवड्यात आजोबांनी कोळसे लावायची रीत शिकवली. जाळीत न पेटलेले कोळसे गच्च भरायचे, आणि पेटलेले दहा-बाराच काय ते मध्यभागी वर ठेवायचे. निखारा शेजाऱ्याला पेटवतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. अशी आग रातभर रांगत जाते. काटा २०० ला आला की झरोके चिमूटभर ठेवायचे, २२५ ची वाट पाहत बसायचे नाही. झाकण उघडायचे नाही. आणि पाऊस आला, वारा सुटला, तरी शेगडी मोटारीच्या गॅरेजात न्यायची नाही. कोळशाचा विषारी वायू वास न देता माणूस मारतो. हे त्यांनी दोनदा सांगितले. खरे म्हणजे, ते पुढे म्हणाले, रिकामे घमेले नुसते कागदाने मढवून ठेवले तरी काम बरेचसे भागते; मुख्य गोष्ट आग आणि मांस यांच्यामध्ये आडोसा असणे. वाळू कशाला, तर वाऱ्याच्या रात्री काटा नाचू नये म्हणून. असा प्रामाणिक सल्लागार विरळा. आपल्या आवडत्या वस्तूचे महत्त्व कोण आपण होऊन कमी करतो?

शुक्रवारी रात्री बाराला आग लागली, एकच्या सुमारास खांदे चढले. साडेपाच पौंडांचा एकेक, असे चार. दोन खाली, दोन वर. त्यांना मी कोल्हापुराहून नेलेला कांदा-लसूण मसाला आणि मीठ आदल्या संध्याकाळीच चोळून ठेवले होते. तिकडे साखर-मिरपूड चोळतात, पण माझ्या भाच्याच्या जेवणात साखर चोळलेले मटण मी होऊ देणार नव्हते.

तीनच्या पुढे पश्चिमेचा वारा सुटला. तो सगळा सपाट मुलूख. वाऱ्याला अडवायला टेकाड नाही. झाकण घुमू लागले. भाऊ उठून बसला. पण काटा २३० आणि २४५ च्या मध्ये जो बसला, तो हलेना. पाण्याच्या दिवसांत याच वेळी हातात तांब्या घेऊन उभे राहावे लागे. आज करायला काहीच नव्हते, आणि त्या रिकामपणानेच तो अधिक अस्वस्थ झाला होता. पहाटे चारला स्वयंपाकघराचे दार उघडले आणि भावजय चहाचे पेले घेऊन बाहेर आली. सप्टेंबरानंतर ती परसाच्या त्या कोपऱ्यात आलेली नव्हती, असे भाच्याने मला नंतर सांगितले. तिने शेगडीपासून चार हात अंतर ठेवले, झाकणावरचा काटा लांबूनच पाहिला, आणि नवऱ्याला म्हणाली, "जा, तासभर पडा. मी बसते." तो खरेच जाऊन झोपला.

बाका प्रसंग आला तो सकाळी. सहा वाजता मांसाच्या पोटातला काटा १६२ झाला, आणि तिथेच थबकला. साडेसहा, १६२. सात, १६३. शेगडी २४० वर, आग ठीक, आणि मांस जणू रुसून बसलेले. लक्ष्य होते १९५ च्या पुढचे, आणि पाहुणे एकला. भावाचा धीर सुटला. वाळूनेच घात केला, पाणी असते तर असे झाले नसते, झरोके उघडतो, असे त्याचे सुरू झाले. आजोबा शनिवारी उशिरा उठतात.

इथे आमच्या माठाने इज्जत राखली. उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते? तो पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते, आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जाते. मांसाचेही तेच चालले होते. मांसात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते. ते पृष्ठभागावर येत होते, वाफ होऊन जात होते, आणि बाहेरून येईल तेवढी धग त्या घामातच खर्च होत होती. पाणी घमेल्यात असो वा नसो, हा मुक्काम मोठ्या मांसाला चुकत नाही; तिकडचे लोक तो शिजण्याचाच एक टप्पा मानतात. पृष्ठभाग सुकला, साल धरली, की घाम थांबतो आणि काटा पुन्हा चालू लागतो. फार घाई असेल तर मांस कागदात गुंडाळतात, म्हणजे वाफ कोंडते आणि मुक्काम हलतो. पण मग साल मऊ पडते. भाच्याला ती खरपूस काळी साल हवी होती. जेवण त्याचे होते. त्याने बापाच्या हातातून कागदाची सुरळी काढून घेतली आणि ती घेऊन तो स्वतःच शेगडीसमोर बसला. आठला १६४. साडेआठला १६९. त्यानंतर काट्याला जणू पाय फुटले; पावणेअकराला १९७.

मांस तास-दीड तास कागदात आणि जुन्या टॉवेलांत गुंडाळून पेटीत विसाव्याला ठेवतात. रस पुन्हा मुरतो आणि तंतू सैलावतात. ती पेटी उघडली तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे होती. खांद्याचे हाड भाच्याने दोन बोटांनी धरले आणि ओढले, ते सुळकन स्वच्छ निघून आले. मांस आतून गुलाबी झाक असलेले, बाहेरून कोळशासारखे काळे, आणि त्या काळ्या सालीत धूर, मीठ आणि आमचा मसाला असे काही एकजीव झालेले की, कोल्हापुरात कोणी मला हे सांगितले असते तर मी मान्य केले नसते. पाण्यावाचून ते कोरडे होईल ही धास्ती फोल ठरली. मांसाचा ओलावा घमेल्यातून येत नाही, त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. चरबी आणि विरघळलेले तंतू यांनी तो सांभाळला होता. मात्र बोकडाचा मांडा घेतला असता, ज्याला चरबी बेताची, तर मी स्वतः पाण्याच्याच बाजूने मत दिले असते, हे नमूद करून ठेवते.

आणि पाणी अगदी वर्ज्य राहिले असेही नव्हे. सकाळी सगळे शेगडीभोवती असताना मी आत मोठ्या पातेल्यात वेगळ्या हाडांचा तांबडा रस्सा चढवला होता. पस्तीस पाहुण्यांपैकी पंचवीस अमेरिकन. त्यांनी आधी पावात मांस घालून खाल्ले, मग आमची मंडळी काय भुरकत आहेत ते पाहिले, आणि पातेले अडीच वाजता खडखडले.

संध्याकाळी आवराआवर झाल्यावर भावजयीने घमेल्यावरचा चरबीचा कागद स्वतः काढून टाकला, वाळूत हात घालून पाहिला, "अजून कोमट आहे," म्हणाली, आणि घमेल्यावर एक जुने ताट झाकून ठेवले. भाऊ उजव्या हाताची बाही दुमडून भांडी घासत होता.

शेजारच्या आजोबांना मी भडंगाची एक पुडी दिली होती. दुसऱ्या दिवशी ते कुंपणाशी आले, पुडी अर्धी संपलेली. हे तांदळाचे आहे हे त्यांनी ओळखले, पण एवढे हलके कसे फुगवता, असे विचारू लागले. वाळूत, असे मी सांगितले. त्यांनी आणखी एक घास तोंडात टाकला, फार सावकाश चावला, दातांखाली कच लागते का ते जिभेने चाचपून पाहिले, आणि लागली नाही तेव्हा मला चाळणीच्या भोकांचे माप विचारले.